आई या विषयावर चार मिनिटं

समजा, तुमच्या दोन्ही कानांवर हेडफोन आहेत आणि उजव्या पायाखाली एक पेडल आहे. शिलाई मशीनला असतं तसं, पण लहान. पाय दाबला की आवाज सुरू होतो, उचलला की थांबतो, टाच मागे रेटली की पाच सेकंद मागे जातो. समोर पडदा, हाताखाली कळफलक. आता एक अनोळखी माणूस तुमच्या कानात बोलू लागतो. त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही, फक्त फाइलचा नंबर. तो त्याच्या आईबद्दल बोलतोय. तो अडखळला तर अडखळणं लिहायचं. चुकीचं बोलला तर चुकीचंच लिहायचं. तो रडायला लागतो; रडण्यासाठी कळफलकावर अक्षर नाही, म्हणून कंसात ‘शांतता’ लिहून पुढे सेकंद टाकायचे. तुम्हालाच भरून आलं तर पाय उचलायचा, घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा पाय ठेवायचा. दिवसाला सहा तास. जमेल तुम्हाला?

बाईंना जमत होतं. सव्वीस वर्षं त्यांनी कोर्टात दुसरं काय केलं होतं? साक्षीदार बोलायचे, वकील आवाज चढवायचे, जज्जसाहेब जांभई दाबत मजकूर सांगायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बाईंची बोटं चालत राहायची. माणूस काय बोलला ते लिहायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते नाही, हा त्यांचा धर्म. एकदा एका वकिलाने साक्षीतला एकच ‘बहुतेक’ गाळा म्हणून फार गळ घातली होती. बाई मान वर न करता म्हणाल्या होत्या, “त्याला आता जामीन नाही, वकीलसाहेब.” हे वाक्य कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये वर्षभर फिरत होतं.

निवृत्त झाल्यावर बाई घरीच बसणार होत्या. पण लेक ‘रिकाम्यां’कडे गेली, आणि बाईही तिच्या मागोमाग तिथेच कामाला लागल्या.

रिकामे हे नाव लोकांनी दिलेलं. त्यांनी स्वतःला काहीच नाव घेतलं नव्हतं. बुटांच्या बंद पडलेल्या कारखान्याची चार मजली इमारत त्यांनी घेतली होती. तिथे देव नव्हता, तसबीर नव्हती, प्रार्थना नव्हती, ठरावीक रंगाचे कपडेही नव्हते. हे सगळं सुरू करणारी बाई म्हणजे एक निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टर. तिचं म्हणणं सरळ होतं. माणसाला जे छळतं ते घडून गेलेलं असतं, आणि जे शेवटच्या शब्दापर्यंत बोलून टाकलं ते परत छळत नाही. म्हणून तिथे आलेला माणूस एकेक विषय घ्यायचा. आधी शाळा, मग मित्र, घर, भावंडं, बाप. आई सगळ्यात शेवटी. बंद खोलीत यंत्रासमोर बसून त्या विषयावर बोलायचं, बोलण्यासारखं काही उरणार नाही इतकं बोलायचं. ते बाहेरच्या माणसाने ऐकून टाइप करायचं. मग एक वाचक ते सगळं त्याच्यासमोर सपाट आवाजात वाचायचा. ऐकताना आत काही हललं नाही तर सही करायची. सही झाली की कागद तळमजल्यावरच्या हौदात भिजायला जायचे. त्यांचा लगदा व्हायचा, लगद्यातून पुन्हा जाड, करडे कागद निघायचे आणि त्याच कागदांवर पुढच्या माणसाचं बोलणं छापलं जायचं. प्रिंटरला ते कागद अजिबात मानवायचे नाहीत. दिवसातून चारदा अडकायचे.

विषयावर सही झाली की त्या माणसाशी ओळख ठेवायला हरकत नाही, नातं मात्र ठेवायचं नाही, असा तिथला नियम.

लेक एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. एकतिसाव्या वर्षी तिची झोप उडाली. उडाली म्हणजे दोन वर्षं उडालेलीच. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले, मामाने सुचवलेला योगावाला झाला. तिच्या हातून एकदा पिशवीवर चुकीची चिठ्ठी लागली, वेळेत कुणाच्या तरी लक्षात आली म्हणून बरं. त्या दिवशी तिने नोकरी सोडली आणि आठवड्याभरात ती कारखान्याच्या इमारतीत राहायला गेली. तिथून बाईंना तिची चिठ्ठी आली: मी ठीक आहे, तुला फोन करणं मी हळूहळू थांबवते आहे, एकदम नाही. आणि खरोखरच तसंच झालं. आधी दर रविवारी वीस मिनिटं, मग एकाआड एक रविवारी बारा, मग महिन्यातून एकदा पाच. औषधाचा डोस उतरवतात तसे फोन उतरत गेले. शेवटच्या फोनमध्ये ती एवढंच म्हणाली की आता मला सात तास झोप लागते.

बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे लेकीचा मामा, चष्म्यांचं दुकान चालवायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. “ताई, नंबर वाढला तर माणूस काच बदलतो,” तो म्हणाला. “हे डोळेच काढून डबीत ठेवतात.” पोलिसांत जाऊ, असंही तो दोन-तीनदा म्हणाला. पण तक्रार कसली करणार? बाईंनी तिथल्या फाटकासमोर उभं राहून चार दिवस पाहिलं होतं. दारं उघडी होती. माणसं येत होती, जात होती, हसत होती, बाजारातून भाजी आणत होती. सह्या त्यांच्या त्यांच्याच होत्या.

मग फाटकावर पाटी लागली: टाइप करण्यासाठी बाहेरची माणसं हवीत. अर्जात एक रकाना होता, इथे तुमच्या नात्यातलं किंवा ओळखीचं कुणी आहे का? खाली बारीक अक्षरात: बोलणं नात्यातल्याने ऐकल्यास बोलणाऱ्याच्या सगळ्या सह्या रद्द. लेकीने बापाचं आडनाव लावलेलं. बाईंनी नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर माहेरचं परत घेतलेलं. कागदावर दोघींना जोडणारं काहीही नव्हतं. बाईंनी ‘नाही’ लिहिलं. आयुष्यात त्यांनी कागदावर लिहिलेलं ते पहिलं खोटं. 

त्यांना एवढंच हवं होतं की एक दिवस लेकीची ‘आई’ची फाइल येईल आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात जायच्या आधी आपल्या हातात पडावी. ती फाइल येईपर्यंत आपण अजून तिच्या आई आहोत, हा त्यांचा हिशेब.

टायपिस्टांची खोली तळमजल्यावर, हौदाच्या शेजारी. भिंतीपलीकडून लगदा ढवळल्याचा आवाज दिवसभर यायचा. चार टेबलं होती. देखरेखीला एक मध्यमवयीन बाई, बारा महिने अंगात स्वेटर, म्हणून सगळे तिला स्वेटरवाली म्हणत. ती स्वतः सगळ्या सह्या करून मोकळी झालेली होती. बोलायला गोड, कामात चोख. एकदा बाईंनी सहज विचारलं, तुमची आई कुठे असते? “आहे ना, इथून तीन स्टॉपवर,” स्वेटरवाली म्हणाली, आणि लगेच प्रिंटरचं झाकण उघडून अडकलेला कागद ओढू लागली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. दाबून ठेवलेलंही नव्हतं. कोर्टात बसून बाईंना दाबलेलं दुःख पारखता यायचं, जसं डोळे तपासताना तक्त्यावरची अक्षरं दिसूनही कुणी न दिसल्याचं नाटक केलं की भावाला कळायचं. इथे तसलं काही नव्हतं.

येताना बाईंना इथे लबाडीही सापडेल असं वाटलं होतं. कुठेतरी लुबाडणूक असेल, धाक असेल, कुणाला कोंडलेलं असेल. सात महिन्यांत काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. चोर पकडता येतो. ज्याच्याकडे माणूस आपण होऊन जाऊन घर रिकामं करून देतो, त्याला काय पकडायचं?

त्या सात महिन्यांत त्यांनी त्रेचाळीस ‘आया’ टाइप केल्या. एकाने अकरा बैठका घेतल्या, तीनशे पानं झाली. एका म्हाताऱ्याने चाळीस मिनिटं फक्त आईच्या हातरुमालाबद्दल सांगितलं. एक बाई आईला शिव्या घालत सुरू झाली आणि सहाव्या बैठकीत आईच्या आवाजात बोलू लागली. बाईंच्या लक्षात आलं की बहुतेक सगळ्यांची आई ‘मी खाल्लंय मगाशीच’ असं कधी ना कधी खोटं बोललेली असते. घरी जाताना त्या मनातल्या मनात लेकीची पानं मोजायच्या. तीनशे नाही, तर दोनशे तरी होतील. बाप लवकर गेला सोडून. पंचवीस वर्षं दोघीच तर होतो.

फाइल आली ती सकाळी, पहिल्याच तासाला. पहिला शब्द यायच्या आधी टाळूला जीभ लावून केलेला ‘टक’ असा आवाज आला. लेक लहानपणापासून बोलायच्या आधी तसं करायची. बाईंनी पाय उचलला. पडद्यावर फाइलची लांबी दिसत होती: चार मिनिटं दहा सेकंद. त्यांना वाटलं ही पहिली बैठक असेल. नंबरापुढे पाहिलं. बैठक एक, अखेरची.

पाय पुन्हा ठेवला.

लेक म्हणाली की आई कोर्टात टायपिंग करायची. घरी यायची तेव्हा थकलेली असायची, म्हणायची, दिवसभर लोकांचं ऐकून कान भरलेत, जरा वेळ काही बोलू नकोस. मग लेक जरा वेळ बोलायची नाही. नंतर बोलायची. “मी बोलायला लागले की तिची बोटं मांडीवर हलायची,” ती म्हणाली. “मी सांगतेय ते ती टाइप करतेय असं वाटायचं. मग मी छोटी छोटी वाक्यं बोलायला लागले. म्हणजे तिला कमी टाइप करावं लागेल.” त्यानंतर शांतता, अकरा सेकंद. मग आई चांगली होती, काही कमी पडू दिलं नाही, वेळेवर फी भरली, मारलं नाही. आणखी काही नाही.

बाईंनी ते सगळं टाइप केलं. बोटं मांडीवर हलायची, हे वाक्य त्यांच्या बोटांनी एकही चूक न करता लिहिलं. पाऊण पान झालं. तीस वर्षांचं पाऊण पान. इथे माणसं हातरुमालावर चाळीस मिनिटं बोलतात.

मग बाईंनी जे केलं ते सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. हेडफोन कानावर तसेच ठेवून, आवाज बंद असताना, त्या लिहू लागल्या.

लेक सात वर्षांची असताना एकदा शाळेला अचानक सुट्टी लागली होती. ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून बाई तिला कोर्टात घेऊन गेल्या आणि आपल्या टेबलाखाली बसवलं. दिवसभर ती आवाज न करता बसली. दुपारी जज्जसाहेब उठले, सगळे उभे राहिले, बाईही उठायला गेल्या आणि धपकन खाली बसल्या. लेकीने त्यांच्या दोन्ही चपलांचे पट्टे टेबलाच्या पायाला बांधून ठेवले होते. जज्जसाहेब हसले, शिपाई हसला, आरोपीसुद्धा हसला. बाईंच्या डोक्यात त्या दिवसाचं सगळं हसू अजून शाबूत होतं. त्यांनी ते लेकीच्या तोंडी लिहिलं, तिच्यासारख्या आखूड वाक्यांत. मी टेबलाखाली होते. आईचे पाय दिसत होते. मी पट्टे बांधले. आई पडली. सगळे हसले. आईपण हसली.

त्यांचा बेत साधा होता. वाचक हे वाचेल, लेकीच्या आत काहीतरी हलेल, सही लांबेल. एक आठवडा. एक महिना. एवढ्यासाठी ‘बहुतेक’ला जामीन न देणारी बाई सहा वाक्यांची खोटी साक्ष लिहून मोकळी झाली. करड्या कागदावर छापलं. त्या दिवशी नेमका कागद अडकला नाही.

घरी त्यांनी भावाला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, “ताई, पकडलं तर?” पकडलं तर काढून टाकतील, बाई म्हणाल्या, पण तिला आठवेल तरी.

सही झाली नाही. पाच दिवसांनी त्याच नंबराची दुसरी फाइल आली. एक तास चाळीस मिनिटं. लांबी पाहूनच बाईंना लॉटरीचा आकडा जुळल्यासारखं झालं. त्यांनी पेडलवर पाय ठेवला.

‘टक’. मग लेक म्हणाली की वाचताना एक गोष्ट आली. ती मी बोलले होते का, आठवत नाही. इथे सांगतात की कधीकधी आपणच बोललेलं आपल्याला ऐकू येत नाही. तसं असेल. पण ती गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी आहे.

“सगळ्यांना वाटलं मी गंमत केली,” ती म्हणाली. “मी गंमत नव्हती केली. आदल्या दिवशी आई बाबांना म्हणाली होती, हिला तूच ठेव, माझ्याच्याने होत नाही. मी दाराआड होते. आणि दुसऱ्या दिवशी ती मला कोर्टात घेऊन गेली. मला वाटलं, इथेच देऊन टाकतात मुलांना. म्हणून मी तिला बांधलं.”

बाईंनी टाच मागे रेटली. पाच सेकंद. पुन्हा. इथेच देऊन टाकतात मुलांना. पुन्हा. ‘हिला तूच ठेव’ हे आपण बोललेलं त्यांना आठवत होतं. भांडणात माणूस काय काय बोलतो. त्यांना ते आठवत होतं, पण दाराआडचं माणूस आठवत नव्हतं, कारण तिकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

त्यापुढे लेक बोलत गेली. सगळे हसले तेव्हा आईही हसली, आणि घरी जाताना आईने तिचा हात धरला होता, पण नेहमीसारखाच धरला होता. तो काही वेगळा धरला नव्हता. मग रात्री-अपरात्री उठून आई पलंगावर आहे का ते पाहायची सवय लागली. मोठी झाल्यावर आईकडे पाहायची गरज उरली नाही, उठण्याची सवय मात्र राहिली. ती रडली; बाईंनी शांतता लिहिली, एकशे चाळीस सेकंद. ती एकदा हसलीसुद्धा. आईचे पाय टेबलाखालून कसे दिसायचे, टाचेला कुठे भेग होती, डाव्या पायाचा अंगठा टायपिंगच्या तालावर कसा हलायचा, हे सगळं तिला पाठ होतं. एवढं बोलताना बाईंनी तिला आयुष्यात ऐकलं नव्हतं. हेडफोनच्या आत, इतक्या जवळून, आपली लेक पहिल्यांदाच मोठ्या वाक्यांत बोलते आहे, याने त्या हरखल्या होत्या आणि त्याच वेळी आतून खचत चालल्या होत्या. बोटं चालत होती. ती थांबत नाहीत, तीच तर तक्रार होती.

शेवटी ती म्हणाली, “हे राहिलं होतं. हे निघालं नसतं तर मी वरवरची सही केली असती आणि झोप परत गेली असती. जे कोणी टाइप करतं, त्यांचे आभार. त्यांनी काही गाळलं नाही.” मग अगदी हलक्या आवाजात, “आता खरंच काही नाही.”

अडतीस पानं भरली. बाई त्या पानांसमोर बसून राहिल्या. काय करायचं ते त्यांच्या हातात होतं. आणखी एखादी गोष्ट घुसडता आली असती. त्यांच्याकडे गोष्टी होत्या. पण आता त्यांना कळून चुकलं होतं की आपल्या प्रत्येक गोष्टीला लेकीकडे दुसरी बाजू असणार, आणि ती आपण जितकं घालू तितकं उपसून टाकणार. काही गाळता आलं असतं, फाइल बिघडली म्हणता आलं असतं. तर मग ती पुन्हा त्या खोलीत, पुन्हा दाराआड. आणि आपणच सगळं उघड करून सांगावं, तर बाहेरच्याऐवजी घरच्याने ऐकलं म्हणून शाळेपासूनच्या सगळ्या सह्या रद्द; सगळं पहिल्यापासून. सात तासांची झोप लेकीकडून परत घ्यायची, ती कशासाठी? आईला आई म्हणावं म्हणून?

त्यांनी स्वेटरवालीला बोलावून पानं दिली. एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. स्वेटरवालीने नेहमीप्रमाणे पानांच्या कडा टेबलावर ठोकून नीट केल्या आणि म्हणाली, “किती स्वच्छ काम असतं हो तुमचं.”

तिसऱ्या दिवशी सही झाली.

बाईंनी काम सोडलं नाही.  भावाने विचारणं सोडलं. आता त्याच्या दुकानात कुणी रिकाम्यांवर विनोद केला तर तो काच पुसत राहतो.

सही झालेल्यांना इमारतीत कामं देतात. लेकीला हौदाचं काम मिळालं. एका सकाळी बाई मागच्या दाराने आत येत होत्या आणि ती समोरून बादली घेऊन आली. अंगावर मांस चढलं होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. इतकी टवटवीत ती शाळेत असतानासुद्धा नव्हती. बाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. लेकीने पाहिलं, ओळखीचं माणूस दिसल्यावर करतो तेवढी मान हलवली. आश्चर्य नाही, राग नाही, तुम्ही इथे कशा असंही नाही. बादली दुसऱ्या हातात घेतली आणि वाट सोडली.

“सावकाश, काकू,” ती म्हणाली. “पायरी ओली आहे.”

बाई आत गेल्या, जागेवर बसल्या. त्या दिवशी पहिली फाइल एका माणसाची होती, भाऊ या विषयावर. ती त्यांनी दोनदा मागे नेली, तिसऱ्यांदा नेली. ऐकू येत होतं, लिहिलं जात नव्हतं. आभार मानतानाचा तो हलका आवाज, आणि पायरीवरचं ते ‘काकू’. दोन्हींत काही लपवलेलं होतं का, हे त्या कोर्टातल्या कानांनी तपासत होत्या आणि निकाल लागत नव्हता. टेबलाखालची गोष्ट इतक्या वर्षांनी आठवणारी जगात दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक जर म्हणतं की मी बोलले होते का, आठवत नाही, तर कागदावर ती कुणी घातली, हे सात वर्षांच्या मुलीलाही कळलं असतं. कळलं असेल, तर तिने सगळं समोर बसवून सांगितलं, आईनेच ऐकावं म्हणून सांगितलं, आणि मग सही केली. कळलं नसेल, तर आईने तीस वर्षांत पहिल्यांदा लेकीचं पूर्ण ऐकलं, आणि लेकीला त्याचा पत्ताच नाही. यातलं कुठलं जास्त वाईट, तेही बाईंना ठरवता येईना. विचारायची सोय नव्हती. विचारलं की झोप मोडणार.

पण विचारायचं एवढंच होतं: तो एक तास चाळीस मिनिटं ती कुणाशी बोलत होती?